युती सरकारमध्ये छोट्या पक्षाला राजकीय धोके काय असतात?

तुम्ही विचारलंय की चार-पाच आमदारांच्या पक्षाने युती सरकारमध्ये जावं की बाहेरून पाठिंबा द्यावा, आणि गेलं तर धोके काय. यावर लोक सरसकट सांगतात की खातं चांगलं मिळत असेल तर जावं. मला हे ऐकलं की राग येतो, कारण खातं घेऊन पक्ष कसा संपतो ते मी आमच्या नगरपालिकेत अगदी जवळून बघितलंय.

आमची शहर आघाडी होती. डॉक्टर, मास्तर, दोन-चार व्यापारी अशा लोकांनी उभी केलेली, आणि तीन नगरसेवक निवडून आले. मी स्वतः नगरसेवक नव्हतो, पण कागदाचं सगळं काम माझ्याकडं, गटनोंदणीचं पत्र जिल्हाधिकारी ऑफिसला नेऊन देण्यापासून ते सभेचा अजेंडा आला की कुठल्या विषयावर काय बोलायचं हे आमच्या लोकांना लिहून देण्यापर्यंत. मोठ्या पक्षाला बहुमताला नेमके तीन कमी पडत होते, म्हणजे आमच्याशिवाय त्यांचा नगराध्यक्ष होतच नव्हता. मी बैठकीत म्हणलं, नगराध्यक्षाला मत द्या पण पद घेऊ नका, पुढं प्रत्येक ठरावाला आपलं आपण ठरवू. आमचे अण्णा, माझे सख्खे चुलते, आघाडी त्यांनीच बांधलेली, ते म्हणाले विरोधात बसून साधं गटार होत नाही, लोकांनी कामं करायला निवडून दिलंय. सगळे अण्णांच्या बाजूने गेले आणि आम्हाला पाणीपुरवठा समितीचं सभापतीपद मिळालं. बांधकाम मोठ्या पक्षाने स्वतःकडं ठेवलं.

आता त्या पदात काय होतं बघा. नदीवरचं जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, जुनं, दोन पंपांतला एक कायम दुरुस्तीला, मेन लाईन गळकी, वीजबिल थकलेलं. पैसा कुठं घालायचा ते ठरणार स्थायी समितीत, जी नगराध्यक्षाच्या हातात. बिलावर सही मुख्याधिकाऱ्याची. आणि पाणी आलं नाही की फोन मात्र सभापतीच्या घरी! आमच्या सभापतींनी पंपाचा विषय मांडला की तो पुढच्या सभेवर ढकलायचे, आणि त्याच सभेत डांबरीकरणाचे ठराव मंजूर व्हायचे ज्यांच्या उद्घाटनाच्या बोर्डावर आमच्यातल्या कुणाचं नावसुद्धा नसायचं.

उन्हाळ्यात वीज तोडली आणि हंडा मोर्चा निघाला. मोर्चात पुढं कोण, तर मोठ्या पक्षाच्याच महिला कार्यकर्त्या, त्यांच्याच दोन नगरसेविका. मोर्चा पालिकेवर न जाता थेट सभापतींच्या दारात. ते रिटायर्ड मास्तर, आयुष्यात कुणाचा चहा फुकट न घेतलेला माणूस, अंगणात उभे राहून थकबाकीचा कागद वाचून दाखवत होते आणि त्यांचा आवाज हंडे बडवण्यात कुणालाच ऐकू जात नव्हता. संध्याकाळी नगराध्यक्षांनी टँकर पाठवले, टँकरला त्यांच्या पक्षाचा बॅनर, टँकरचं बिल पालिकेच्या तिजोरीतून. पुढच्या निवडणुकीत आमच्या तिन्ही जागा गेल्या, आणि त्यातला एक जण तर त्याच मोठ्या पक्षाच्या चिन्हावर उभा होता.

हे छोट्या गावात होतं असं समजू नका. ब्रिटनमध्ये 2010 ला लिबरल डेमोक्रॅट 57 खासदार घेऊन कॉन्झर्व्हेटिव्हांबरोबर सत्तेत गेले. विद्यापीठाची फी वाढू देणार नाही असं निवडणुकीत सही करून लिहून दिलेलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फीची मर्यादा 9000 पौंडांपर्यंत नेणारा प्रस्ताव त्यांच्या मंत्र्यांनी मत देऊन पास केला. बरं, कमी पगारवाल्यांना इन्कम टॅक्समधून सूट वाढवून मिळाली ती त्यांच्याच जाहीरनाम्यातली, पण तिचं श्रेय पंतप्रधानांच्या पक्षाने नेलं. 2015 ला उरले 8. त्यांच्या पडलेल्या जागांतल्या सगळ्यात जास्त सत्तेतल्या जोडीदारानेच खाल्ल्या. जर्मनीत एफडीपी या छोट्या उदारमतवादी पक्षाचं तर दोनदा झालं, 2009 ला 14.6 टक्के मतं घेऊन सरकारात गेले आणि 2013 ला 5 टक्क्यांच्या खाली जाऊन संसदेबाहेर, पुन्हा 2021 ला सरकारात आणि 2025 ला पुन्हा बाहेर.

आणि आपल्याकडं दुसराच धोका, माणसंच पळवतात. गोव्यात 1994 ला भाजप मगोचं, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं, बोट धरून 4 जागांवर विधानसभेत आला, तेव्हा मगोच्या 12 होत्या. 2019 ला मगोचे 3 आमदार भाजपच्या सरकारात, सुदिन ढवळीकर उपमुख्यमंत्री, आणि मार्चमध्ये एका मध्यरात्री त्यातले दोन आमदार भाजपमध्ये विलीन झाले. ढवळीकरांचं पद गेलं. पक्षांतरबंदी कायद्यात दोन तृतीयांश आमदार गेले की विलीनीकरण धरतात, मग तिघांत दोन बास होतात. त्याच जुलैत काँग्रेसचे 10 आमदार आल्यावर सरकारातल्याच गोवा फॉरवर्ड या छोट्या पक्षाचे तिन्ही मंत्री काढून टाकले, गरजच संपली ना. महाराष्ट्रात स्वाभिमानी शेतकरी संघटनेला 2016 ला एक राज्यमंत्रीपद मिळालं, सदाभाऊ खोतांना. 2017 ला शेतकरी संपावर उतरले तेव्हा चळवळीतला माणूस सरकारच्या बाजूला बसलेला. त्याच ऑगस्टमध्ये खोतांची हकालपट्टी आणि संघटना सरकारमधून बाहेर. एका लाल दिव्यात राजू शेट्टी आणि खोत, इतक्या वर्षांचे सोबती, दोन बाजूला झाले.

अण्णा अजून म्हणतात, सभापतीपद होतं म्हणून मागच्या वस्तीत नळ आला. खोटं आहे. तो नळ आला कारण त्या ठरावाला मोठ्या पक्षाला आमची तीन मतं लागत होती, आणि ती तीन मतं आम्ही पद न घेताही तेवढीच असती, उलट दर महिन्याला पुन्हा मागायला यावं लागलं असतं. पद घेतलं की मत आधीच देऊन बसता. त्यानंतर तुम्ही चिडलात तरी त्यांना माहीत असतं की हा गाडी सोडणार नाही. हे मी अण्णांना त्या वेळी सांगितलं, मोर्चानंतर सांगितलं, मागच्या दिवाळीतही सांगितलं. अजून पटत नाही.

जायचंच असेल तर ज्या खात्याचा पैसा दुसऱ्याच्या हातात ते खातं घेऊ नका. मतदाराने तुम्हाला ज्या एका गोष्टीसाठी निवडलं ती तारखेसकट लिहून घ्या, पेपरला छापून आणा, आणि ती मोडली तर त्याच मुद्द्यावर बाहेर पडा. जागावाटपावर भांडून बाहेर पडलेल्याला लोक विचारत नाहीत.

आता बाहेरून पाठिंबा सुरक्षितच असतो असंही नाही हं. डाव्यांनी 2004 पासून काँग्रेसच्या यूपीए सरकारला बाहेरूनच पाठिंबा दिला, अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावर जुलै 2008 ला काढला, आणि 2009 ला माकपचे खासदार 43 वरून 16 वर आले. तिथं बंगालमधलं सिंगूर-नंदीग्रामचं जमीन संपादनाचं भांडणही होतं, सगळं पाठिंब्यावर ढकलता येणार नाही. आणि पक्ष एकाच जिल्ह्यापुरता असेल, समोर दुष्काळ असेल, तर सत्तेत जाणाऱ्याला मी लगेच नावं ठेवणार नाही.

तुम्ही चार-पाच आमदार म्हणालात म्हणून शेवटचं. चार असतील तर तीन फुटले की पक्ष गेला, पाच असतील तर चार लागतात. मंत्रीपद कुणाला द्यायचं यापेक्षा उरलेल्यांच्या मतदारसंघात निधी कुणाच्या सहीने येतो ते आधी बघा, फोडाफोडी तिथूनच सुरू होते.