करार असूनही बिल का आले?

प्रश्न : माझा शोधनिबंध स्वीकारला गेला आहे. आमच्या विद्यापीठाचा प्रकाशकाशी मुक्त प्रवेशाचा, म्हणजे निबंध सर्वांना विनामूल्य वाचता यावा यासाठीचा, करार असूनही मला प्रकाशनशुल्काचे बिल आले आहे. ते भरावे का?

उत्तर : इतक्यात भरू नका. अशा करारांत शुल्कमाफी बहुधा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या संस्थेवरून ठरते. निबंध सादर करताना आपण खासगी ईमेल दिला असेल, किंवा संस्थेचे नाव यादीतून न निवडता स्वतः टंकित केले असेल, तर प्रकाशकाच्या प्रणालीला आपली पात्रता कळतच नाही आणि बिल निघते. स्वीकृतिपत्र जोडून ग्रंथालयाकडे लगेच विचारणा करावी, कारण निबंध एकदा प्रसिद्ध झाल्यावर दुरुस्ती किचकट होते. काही करार केवळ संमिश्र नियतकालिकांपुरते (ज्यांत काही निबंध सर्वांना खुले, तर काही वर्गणीदारांपुरते असतात) असतात किंवा त्यांत वार्षिक निबंधसंख्येची मर्यादा असते, हेही तपासावे.

याहून महत्त्वाचा मुद्दा निबंध इतरांनी कसा वापरावा हे ठरवणाऱ्या परवान्याचा, आणि तिथेच बहुतेक जण न वाचता खूण करतात. क्रिएटिव्ह कॉमन्स या प्रमाणित खुल्या परवान्यांच्या संचातील ‘बीवाय’ परवाना श्रेय देऊन कोणालाही पुनर्वापराची मुभा देतो. ‘एनसी-एनडी’ (व्यावसायिक वापराला आणि बदललेली आवृत्ती प्रसारित करण्याला मनाई करणारा प्रकार) निवडल्यास मात्र स्वामित्वहक्क नावापुरता आपल्याकडे राहून व्यावसायिक वापराचे अनन्य अधिकार पुष्कळदा प्रकाशकाकडे जातात.