स्लो वाढवून घेण्याआधी हे वाचा

तुमच्या गाडीचं वर्णन वाचलं आणि माझी जुनी गाडीच आठवली. तुमचीही तशीच: पेट्रोल, इंजेक्शनवाली, वय झालेली. चालताना काही तक्रार नाही, पण थांबली की आरपीएमचा काटा ९०० वरून ५०० आणि परत वर, स्टीअरिंग थरथरतं, एसी लावला की आता बंद पडते की मग. आणि मेकॅनिक म्हणतोय, ‘स्लो जरा वाढवून देतो, काम होईल.’ (स्लो म्हणजे गाडी उभी आणि पाय पेडलवर नसताना इंजिन फिरतं तो वेग.) बाकी माझं काही ऐकू नका हवं तर, पण तेवढं त्याला करू देऊ नका.

प्लग, कॉइल, एअर फिल्टर बघून झालं असेल असं धरतो.

थ्रॉटल म्हणजे इंजिनात किती हवा जायची ते ठरवणारी झडप. तिची पाकळी मिटताना नळीच्या भिंतीला घासून अडकू नये म्हणून तिला टेकायला एक बारीक स्क्रू असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत स्लो स्क्रूनेच लावतात, त्यामुळे जुन्या हातांना तीच सवय. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत मात्र हा स्क्रू कारखान्यात बसवून दिलेला असतो आणि आयडल, म्हणजे तोच स्लो, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) सांभाळतो. तुम्ही ॲक्सिलरेटरच्या पेडलवरून पाय काढलाय हे त्याला थ्रॉटल सेन्सरवरून कळतं. स्क्रू आत घेतला की पाकळी किंचित उघडी राहते, सेन्सरचं व्होल्टेज चढतं आणि ईसीयूला वाटतं पाय अजून पेडलवरच आहे. मग तो आयडलकडे लक्षच देत नाही.

माझ्या गाडीचा स्लो एका वर्कशॉपने असाच वाढवला, तोही न विचारता. बिलावर नुसतं ‘ट्यूनिंग’. काही दिवस गाडी बरी वाटली. मग चेक इंजिनचा दिवा लागला, कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन: हवा जास्त, पेट्रोल कमी. यांनी लगेच एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बदलला. अहो, तो बिचारा खरं बोलत होता! हवा जास्त आहे असं सांगणाऱ्यालाच काढून टाकलं. कोड परत आला, तेव्हा म्हणे आता अख्खी थ्रॉटल बॉडी बदला. जुना सेन्सर परत मागितला तर ‘टाकून दिला’. (बदललेला पार्ट नेहमी मागून घ्या. देत नसतील तर तिथेच समजा.)

शेवटी दुसऱ्या एकाने स्मोक टेस्ट केली, म्हणजे हवेच्या वाटेत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघितलं. इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खालून पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारा, रबरी पाइप जातो, त्याच्या वळणातून धूर यायला लागला. वरून पाइप धडधाकट, खालून तेलाने फुगून मऊ झालेला. बोटाने वाकवला तेव्हा चीर उघडली. नवा पाइप टाकला, तरी आयडल जागेवर येईना. मग त्याने टॉर्च लावून तो स्क्रू दाखवला: रंगाचा ठिपका फुटलेला, आटे चकचकीत, म्हणजे कोणीतरी फिरवलेला. स्क्रू मॅन्युअलप्रमाणे मागे घेतला, पाकळीवरची काजळी पुसली, आयडल रीलर्न केलं (ईसीयूला ते नव्याने शिकवलं), तेव्हा कुठे काटा स्थिर झाला. म्हणजे मूळ बिघाड एका पाइपचा, आणि खर्च झाला तो झाकायला केलेल्या उद्योगांवर.

मी मेकॅनिक नाही, डिझेलमधलं तर मला काहीच कळत नाही. हे समजूनच पुढचं वाचा. एखादा साधा ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधली माहिती वाचणारं यंत्र) मिळवा आणि इंजिन गरम झाल्यावर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल नेहमीपेक्षा किती टक्के कमी-जास्त करतोय ते. गाडीत एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल आणि ट्रिम आयडलला अधिक २० टक्क्यांच्या आसपास, पण २,५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर कुठून तरी चोरटी हवा शिरतेय असं मी तरी धरेन. वरच्या आरपीएमलाही ट्रिम चढलेलीच राहिली तर फ्युएल प्रेशर आणि एमएएफकडे वळा. एमएपी सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत हा हिशोब असा सरळ लागत नाही, तिथे लीक असला की बऱ्याचदा आयडलच वर जातं. फक्त थंड असताना त्रास आणि गरम झाल्यावर ठीक, असं असेल तर इनटेकचं गॅसकेट तपासायला सांगा. ब्रेक बूस्टरचा (ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या डब्याचा) पाइपही विसरू नका. ब्रेकचं पेडल कडक लागत असेल तर आयडल राहू दे, आधी ब्रेक.

कार्ब क्लीनर फवारून लीक शोधायचे व्हिडिओ खूप आहेत. गरम इंजिनवर ते पेटू शकतं, मी त्या वाटेला जात नाही. स्मोक टेस्टचे पैसे द्यावेत.

काटा हलत नाही, नुसती गाडीच थरथरते, असं असेल तर इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बघा. तुमच्या वर्णनात काटा हलतोय म्हणून त्यात शिरत नाही.

एमएएफ आहे की एमएपी, आणि आयडल व २,५०० ला ट्रिम किती, एवढं कळवा, मग पुढचं बोलू. गाडी त्याच मेकॅनिककडे नेणार असाल तर त्याआधी त्या स्क्रूचा जवळून फोटो काढून ठेवा.