वाचकांचे प्रश्न : घरच्या संगणकावरून फाइली चढवताना

प्रश्न : २०१९ च्या महापुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरले आणि वडिलांच्या फोटोंचे तीन अल्बम चिकटून लगदा झाले. जे वाचले ते, शिवाय नातेवाइकांकडून मागून आणलेले, असे सगळे फोटो मी स्कॅन केले असून त्यांच्या फाइली ३८ जीबी भरतात. गुगल ड्राइव्हवर १०० जीबी जागा विकत घेतली आहे आणि टीव्हीच्या केबलमधूनच येणारे इंटरनेट ४० एमबीपीएसचे आहे. तरीही रात्री ब्राउझरमधून अपलोड लावून झोपलो की सकाळी ते अर्ध्यावर थांबलेले असते आणि दिवसा लावले तर मुलीचा ऑनलाइन क्लास अडखळतो. चूक कुठे होते आहे? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या कनेक्शनचा ४० हा आकडा बाहेरून घरात येणाऱ्या माहितीचा आहे. टीव्हीच्या केबलचे जाळे मुळात चित्रे घरोघर पोचवण्यासाठी टाकलेले असल्यामुळे उलट दिशेने जाणाऱ्या माहितीसाठी त्यात अरुंद वाट उरते आणि तीही आसपासची घरे वाटून घेतात. म्हणून आधी स्पीड टेस्ट घेऊन ‘अपलोड’समोरचा आकडा पाहावा. समजा, तो ५ एमबीपीएस निघाला. हे मेगाबिट आहेत, फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात आणि ८ बिटांचा १ बाइट होतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ०.६ एमबी माहिती बाहेर जाईल. या हिशेबाने ३८ जीबींना सुमारे १७ तास लागतात. ४० चा वेग धरून आपण दोन-सव्वादोन तासांची अपेक्षा केली असेल, तर ती पुरी होणे शक्यच नव्हते.

क्लास अडखळण्याचे मूळही याच अरुंद वाटेत आहे. गळिताच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली की मागची मोटारसायकलही तिथेच खोळंबते, तसा मुलीचा आवाज राउटरमध्ये आपल्या फोटोंच्या मागे अडकतो. इतकेच नव्हे, तर काही डाउनलोड करतानाही ‘मिळाले’ अशी छोटी पोच सतत उलट पाठवावी लागते, आणि ती रखडली की येणारी माहितीसुद्धा मंदावते. ड्राइव्हच्या संगणकावरील ॲपमध्ये अपलोडच्या वेगाला मर्यादा घालता येते. ती मिळणाऱ्या वेगाच्या तीन-चतुर्थांश ठेवली, तर दोन्ही कामे चालतील.

रात्री काम थांबण्याचे पहिले कारण, माझ्या मते, संगणकाचे झोपणे हे असावे. बराच वेळ कोणी हात लावला नाही की विंडोज संगणकाला ‘स्लीप’मध्ये नेते आणि अपलोड तिथेच तुटते. सेटिंग्जमधल्या ‘पॉवर’ विभागात जाऊन, चार्जर लावलेला असताना संगणक कधीच झोपू नये, असा पर्याय निवडावा. लाइट जाण्याचा प्रश्न असल्यास राउटरलाही इन्व्हर्टरवर घ्यावे, कारण लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला तरी राउटर बंद पडतो. ब्राउझरऐवजी ॲप वापरावे, म्हणजे खंड पडला तरी उरलेल्या फाइली पुढे चालू होतात. सगळ्या फोटोंची एकच मोठी झिप फाइल मात्र करू नये. ती मध्येच तुटली, तर पुष्कळदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वर्षवार फोल्डर करून तीन रात्रींत हे काम निवांत उरकेल.

आता एक सूचना, जी मला वेगापेक्षा महत्त्वाची वाटते. ॲप संगणकावरचे फोल्डर आणि ड्राइव्ह एकसारखे ठेवत असते, तेव्हा ‘वर गेले, आता जागा मोकळी करू’ म्हणून आपण घरचे फोल्डर पुसले, तर ड्राइव्हवरचेही पुसले जाऊन कचरापेटीत पडते आणि ३० दिवसांनी कायमचे जाते. त्यामुळे अपलोड झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवावी, त्यांतले पाच-सहा फोटो दुसऱ्या संगणकावर उतरवून पूर्ण आकारात उघडून पाहावेत, आणि तोवर मूळ स्कॅनला हात लावू नये. एक प्रत हार्ड डिस्कवर घेऊन ती कृष्णेच्या पुरापासून दूर, विटा किंवा जत भागात कोणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे ठेवावी. अल्बम एकदा पाण्यात गमावलेल्या घराला एवढी काळजी जास्त म्हणता येणार नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर मी एफटीपीने (आपल्या संगणकावरून संकेतस्थळाच्या संगणकावर फाइली पाठवण्याच्या पद्धतीने) छायाचित्रे चढवली. माझ्या संगणकावर पान नीट दिसते, संकेतस्थळावर मात्र चित्रांच्या जागी रिकामे चौकोन येतात. — एक ग्रंथपाल, सातारा

उत्तर : फाइलींच्या नावांतली अक्षरे तपासावीत. नावाच्या शेवटी येणारे ‘जेपीजी’ कॅमेरा अनेकदा मोठ्या इंग्रजी लिपीत लिहितो आणि आपण पानात ते लहान लिपीत लिहितो. विंडोज हा फरक मानत नाही, पण बहुतेक संकेतस्थळे लिनक्स या संगणकप्रणालीवर चालतात आणि तिथे ही दोन वेगळी नावे ठरतात. सर्व नावे लहान लिपीत करून, मधल्या मोकळ्या जागा काढून फाइली पुन्हा चढवाव्यात.

एफटीपीचा पहिला आराखडा आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी १९७१ मध्ये लिहिला. त्या काळी जाळ्यावर मोजकेच संगणक होते. साध्या एफटीपीत पासवर्ड कोणालाही वाचता येईल अशा उघड्या रूपात जातो, म्हणून संकेतस्थळाला जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्याकडून एसएफटीपीची, म्हणजे हेच काम सांकेतिक रूपात करणाऱ्या पद्धतीची, सोय मागून घ्यावी आणि आजवर वापरलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.