पर्यावरणीय आरोग्यात पीएचडी: विद्यापीठाचं नाव नंतर, आधी ग्रँट आणि नमुने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रसायनशास्त्रात एमएस्सी झाली आहे, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काही वर्षं नोकरी केली आहे आणि आता अमेरिकेत एन्व्हायर्नमेंटल हेल्थ सायन्सेसमध्ये पीएचडी करायची आहे. आधी एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) करावं का, पैशांचं कसं होतं, आणि नवरा सोबत आला तर त्याला काम करता येईल का? मी याच विषयात अमेरिकेत पीएचडी केली आणि इथेच काम करते, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

एमपीएचचं आधी उरकते. पीएचडीच करायची हे पक्कं असेल तर पदरच्या पैशाने एमपीएच करू नका. ती व्यावसायिक पदवी आहे, तिची फी बहुतेकांना स्वतःच भरावी लागते, आणि तुमच्यासारख्या एमएस्सी झालेल्यांना बरेच विभाग थेट पीएचडीला घेतात. तुमच्याकडे कमी आहे ती संख्याशास्त्राची आणि एपिडेमिऑलॉजीची (लोकसमूहांतल्या आजारांच्या अभ्यासाची) बैठक. ती पहिल्या दोन वर्षांच्या कोर्सेसमध्ये बसते. अर्जाआधी ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकून घ्या आणि सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्यसंस्थेच्या ‘एनहेन्स’ या देशभरातल्या आरोग्य-सर्वेक्षणाचा डेटा उतरवून त्यावर हात चालवून बघा. तो फुकट आहे, त्यात रक्तातल्या आणि लघवीतल्या धातूंची मोजमापं आहेत, आणि १९९९ पासून, कोविडच्या काळातला खंड सोडला तर, दोन-दोन वर्षांच्या फेऱ्यांमध्ये तो गोळा होत आला आहे.

आता पैसा. विभागांच्या पानांवर ‘सर्व विद्यार्थ्यांना पूर्ण फंडिंग’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे फी, स्टायपेंड आणि आरोग्यविमा. पण हा पैसा येतो कुठून ते तिथे लिहिलेलं नसतं, आणि परदेशी विद्यार्थ्याचं सगळं त्यावरच अवलंबून असतं. या विषयातला मोठा पैसा एनआयएच ही आरोग्य-संशोधनाची अमेरिकी सरकारी संस्था देते, विशेषतः तिच्यातली पर्यावरणीय आरोग्याची एनआयईएचएस ही संस्था. तिच्या टी३२ या प्रशिक्षण-ग्रँटवर फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डधारक बसू शकतात. विद्यार्थ्याने स्वतः मिळवायच्या एफ३१ फेलोशिपचंही तेच. म्हणजे वर्गातल्या बऱ्याच मुलांचा पैसा ज्या खात्यातून येतो, ते खातं तुमच्यासाठी बंद असू शकतं. तुमच्यासाठी उरतात तीन वाटा: गाइडच्या संशोधन-ग्रँटवर असिस्टंटशिप, टीचिंग असिस्टंटशिप, आणि विद्यापीठाचा स्वतःचा निधी. म्हणून विभागाला सरळ विचारा, ‘माझ्या व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पाचही वर्षं कुठून पैसे मिळतात?’ गुळमुळीत उत्तर आलं तर ते ‘नाही’ समजा.

गाइडच्या ग्रँटचं तुम्ही घरबसल्या तपासू शकता. एनआयएचचा ‘रिपोर्टर’ नावाचा खुला डेटाबेस आहे. त्यात प्राध्यापकाचं नाव टाकलं की कोणता प्रकल्प कधी सुरू झाला आणि कधी संपतोय ते दिसतं. आर०१ ही प्राध्यापकाला मिळणारी मुख्य संशोधन-ग्रँट साधारण पाच वर्षांची असते. तुम्ही रुजू व्हाल तेव्हा तिचं चौथं वर्ष चालू असेल आणि दुसरी ग्रँट दिसत नसेल, तर तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काय, हे विचारायलाच हवं. यात उद्धटपणा काही नाही. २०२५ मध्ये एनआयएचच्या अनेक ग्रँट रद्द झाल्या किंवा अडकल्या आणि काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागाच कमी केल्या, तेव्हापासून प्राध्यापकही याबद्दल मोकळेपणाने बोलतात. त्याच वर्षी एनआयएचने परदेशी संस्थांकडे वळणाऱ्या उप-ग्रँटची जुनी पद्धत थांबवली. गाइडचा अभ्यास दुसऱ्या देशातल्या लोकांवर बेतलेला असेल तर तिथून नमुने आणि डेटा अजून येतोय का, हेही विचारून घ्या.

नमुन्यांविषयी मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण बाहेरून येणाऱ्याला ही गोष्ट दिसतच नाही. आपल्याला वाटतं, आपण जाऊ, प्रश्न ठरवू, लोक शोधू, मोजू आणि लिहू. पण या विषयात दूषित हवा किंवा पाणी आणि त्यातून होणारा आजार यांच्यामध्ये बऱ्याचदा दहा-वीस वर्षं जातात. तेवढा वेळ पीएचडीत नसतो. म्हणून प्रबंध उभा राहतो तो दुसऱ्या कुणीतरी फार आधी सुरू केलेल्या कोहॉर्टवर, म्हणजे वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या लोकांच्या गटावर. हवेतल्या बारीक कणांचा आणि मृत्यूंचा संबंध दाखवणारा सहा शहरांचा हार्वर्डचा अभ्यास १९९३ मध्ये छापून आला. त्यातल्या लोकांची नोंद सत्तरच्या दशकात झाली होती. बर्कलीचा ‘चामाकोस’ अभ्यास सॅलिनास खोऱ्यातल्या शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर बायकांपासून १९९९ मध्ये सुरू झाला. त्या बायकांची मुलं आता मोठी झाली आणि त्यांच्यावर अजून पेपर लिहिले जातात. लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जण अभ्यास सुरू झाला तेव्हा शाळेतही गेले नसतील.

म्हणून गाइड निवडताना मी फ्रीझर, म्हणजे त्यात साठवलेले नमुने, निवडा असं सांगते. मुलाखतीत विचारा: माझ्या प्रबंधासाठी कोणता डेटा असेल? नमुने आधीच तपासून झालेत की तपासायला अजून पैसे मिळवायचे आहेत? पहिला लेखक मी असेन ना, आणि तीच कल्पना आधी कुणा पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधकाला) दिलेली नाही ना? प्रबंध बहुधा तीन पेपरचा असतो. त्यातला निदान पहिला पेपर तयार डेटावर व्हायला हवा. तिन्ही पेपर ‘पुढे गोळा होणाऱ्या’ नमुन्यांवर टांगलेले असले की पाचाची सात वर्षं होतात. विभागातल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशीही बोला, पण गाइड कॉलवर नसताना. त्यांना एवढंच विचारा की याआधीचे दोन विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले. उत्तराआधी किती वेळ शांतता पसरते त्यावरूनही पुष्कळ कळतं.

रसायनशास्त्र ही तुमची कमतरता आहे असा सूर तुमच्या प्रश्नात जाणवला. माझं मत नेमकं उलटं आहे. इथे येणाऱ्या बऱ्याच जणांसाठी आर्सेनिकचा आकडा म्हणजे एक्सेलमधला एक रकाना असतो. लघवीतल्या एकूण आर्सेनिकमध्ये माशांतून येणारं, जवळपास निरुपद्रवी आर्सेनोबीटेनही मोजलं जातं, म्हणून प्रकार वेगळे करून मोजावे लागतात, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. यंत्राला न दिसलेल्या मूल्याच्या जागी एनहेन्समध्ये शोधमर्यादेला (यंत्र ओळखू शकतं त्या सगळ्यात कमी प्रमाणाला) दोनच्या वर्गमुळाने भागून आलेला आकडा भरतात. तो पाहून तुम्ही थबकाल, बाकीचे पुढे जातील. हे थबकणं तुमच्या अर्जात दिसलं पाहिजे. लहानपणापासून निसर्गाची आवड वगैरे पूर्ण गाळा. कोणत्या यंत्रावर काय मोजलं, ब्लँकमध्ये (मुद्दाम कोऱ्या ठेवलेल्या नमुन्यात) काही निघालं तेव्हा काय केलं, कोणत्या आकड्यावर तुमचा विश्वास बसला नाही, ते लिहा.

प्राध्यापकांना ईमेल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा, कारण अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला संपते. ईमेल दहा ओळींचा हवा. त्यांचा एक पेपर नीट वाचा आणि त्यातल्या मोजमापाबद्दल एकच खरा प्रश्न विचारा. ‘आदरणीय महोदय, मी कष्टाळू विद्यार्थी आहे’ या वळणाचे ईमेल तिथे रोज येतात आणि न वाचता जातात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विभागांनी काढून टाकली आहे. सार्वजनिक आरोग्याची काही स्कूल्स ‘सोफास’ या सामाईक अर्जातून प्रवेश देतात, काहींचा अर्ज वेगळा असतो. फंडिंगची ऑफर आली की १५ एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ देण्याचं बहुतेक विद्यापीठांनी आपसात मान्य केलेलं आहे, त्यामुळे ‘उद्याच सांगा’ म्हणून कुणी घाई केली तर शांतपणे ही तारीख दाखवा.

अमेरिकाच का, हेही एकदा स्वतःला विचारा. स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये पीएचडी म्हणजे बहुधा चार वर्षांची पगारी नोकरी असते. जागेची जाहिरात निघते, आणि विषय व डेटा जाहिरातीतच असतो. वर ज्या चौकश्या सांगितल्या त्यातल्या निम्म्या तिथे आपोआप मिटतात. स्टॉकहोमचं कॅरोलिन्स्का, उट्रेख्त, बाझेलचं स्विस टीपीएच आणि बार्सिलोनाचं आयएसग्लोबल ही या विषयातली भक्कम ठिकाणं आहेत. युरोपीय संघाच्या मारी क्यूरी डॉक्टरल नेटवर्कला कोणत्याही देशाचा माणूस अर्ज करू शकतो. मुख्य अट ही की आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्या नसाव्यात किंवा तिथे काम केलेलं नसावं. कोर्सेस मात्र तिथे कमी असतात, म्हणजे संख्याशास्त्र बरंचसं स्वतःचं स्वतः शिकावं लागतं. तुमची त्यातली तयारी पाहता अमेरिकेचा लांबचा रस्ता तुम्हाला फायद्याचा ठरू शकतो.

नवऱ्याचं. तुम्ही एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर आलात तर त्यांना जोडीदाराचा एफ-२ मिळेल, आणि एफ-२ वर नोकरी करता येत नाही. शिकायचं तर अर्धवेळ. एका स्टायपेंडवर दोघांनी पाच वर्षं काढणं महाग शहरात फार ओढाताणीचं असतं. आणि पैशांपेक्षाही, शिकलासवरलेला माणूस इतकी वर्षं घरी बसला की घरात काय होतं ते मी ओळखीच्या घरांत पाहिलं आहे. दुसरा मार्ग जे-१ या एक्सचेंज-व्हिसाचा. विद्यापीठाकडून भरीव फंडिंग असेल तर पीएचडीच्या विद्यार्थ्यालाही तो मिळू शकतो, आणि जे-२ वरच्या जोडीदाराला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र फंडिंगमध्ये सरकारी पैसा असेल तर जे-१ ला दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट लागू शकते, आणि ती पूर्ण किंवा माफ होईपर्यंत एच-१बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीनकार्ड मिळत नाही. एफ-१ वर पदवीनंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी, मिळते, आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतला विषय असेल तर आणखी २४ महिने. तुमचा विषय त्या यादीत धरला जातो का, ते आय-२० या विद्यापीठाकडून व्हिसासाठी मिळणाऱ्या कागदावरच्या सीआयपी कोडवर, म्हणजे विषयाच्या सरकारी क्रमांकावर, ठरतं. दोन विद्यापीठांत एकाच नावाच्या पदवीचे कोड वेगळे असू शकतात, तेव्हा तो कोड लेखी मागून घ्या. हे सगळं ऑफर स्वीकारल्याबरोबर, आय-२० निघण्याआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी बोला, कारण व्हिसा लागल्यानंतर एफचा जे करायचा तर नवे कागद आणि महिनोन्‌महिने जातात.