अँड्रॉइड नवीन असताना पेड ॲपला जे 'कॉपी प्रोटेक्शन' होतं ते खरंच काम करायचं का? आणि आज स्वतःचं पेड ॲप काढायचं तर तसलं काही लावावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, एक म्हणजे अँड्रॉइड मार्केटमधलं (आजचं प्ले स्टोअर) ते जुनं कॉपी प्रोटेक्शन काम करायचं का, आणि दुसरी, आज स्वतःचं पेड ॲप काढायचं तर तसलं काही लावावं का. काम करायचं म्हणजे, चेकबॉक्स टिक व्हायचा एवढं नक्की. मी तेव्हा पुण्यात एका छोट्या कंपनीत अमेरिकेतल्या क्लायंटसाठी ॲप्स करायचो (भारतात बसून पेड ॲप विकायची सोयच नव्हती तेव्हा), त्यामुळे हे सगळं स्वतः केलंय आणि त्यातल्या चुकाही स्वतःच केल्यात.

पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी-वन, ऑक्टोबर २००८ मधे अमेरिकेत आला आणि त्याच्याबरोबर मार्केट सुरू झालं, पण सगळं फुकट. पैसे घेऊन विकायची सोय फेब्रुवारी २००९ मधे आली. ॲप अपलोड करताना कॉपी प्रोटेक्शन ऑन की ऑफ असं विचारायचे आणि तिथेच लिहिलेलं असायचं की ऑन केलंत तर फोनमधे जागा जास्त लागेल. आता जी-वनमधे ॲप्ससाठी जागा सत्तरेक एमबी, तेव्हा हे काही किरकोळ नव्हतं. पुढे २०१० मधे फ्रोयोत (अँड्रॉइड २.२) ॲप मेमरी कार्डवर हलवायची सोय आली तर ती पण प्रोटेक्टेड ॲप्सना नाही मिळाली.

आणि एवढं करून व्हायचं काय, तर साधं ॲप ज्या फोल्डरमधे बसतं तिथून एपीके (म्हणजे ॲपची इन्स्टॉल करायची फाइल) कोणीही केबल लावून ओढून काढू शकायचं, टिक केलेलं ॲप मात्र ॲप-प्रायव्हेट नावाच्या वेगळ्या फोल्डरमधे जायचं जे इतरांना वाचता येत नसे. बस, एवढंच. दार नुसतं लोटून ठेवलेलं. फोन रूट केला, म्हणजे त्यातल्या सगळ्या फोल्डरचा पूर्ण ताबा मिळवला, की विषय संपला. आणि जी-वन रूट करणं किती अवघड होतं म्हणाल तर नोव्हेंबर २००८ मधे लोकांना असं सापडलं की कीबोर्डवर जे काय टाइप करू ते मागे चालू असलेल्या रूट शेलला (पूर्ण अधिकारात हुकूम पाळणाऱ्या प्रोग्रॅमला) पण जातंय, म्हणजे नुसतं 'रीबूट' लिहून एंटर मारलं की फोन खरंच रीबूट! ते लगेच दुरुस्त झालं, पण नवीन वाटा निघतच राहिल्या. त्यात गूगल स्वतःच डेव्हलपर लोकांना ३९९ डॉलरला अनलॉक केलेला फोन विकत होतं, त्यात रूट आधीपासूनच, मग यावर तोडगा काय काढला तर त्या फोनवरच्या मार्केटमधे प्रोटेक्टेड ॲप्स दाखवायचीच नाहीत. म्हणजे ज्याने ॲप लिहिलं त्यालाच ते दिसेना. शिवाय रिफंडची मुदत २४ तास होती, तेवढ्यात विकत घ्यायचं, एपीके काढून ठेवायची, पैसे परत घ्यायचे आणि ॲप परत टाकायचं. ती मुदत डिसेंबर २०१० मधे १५ मिनिटांवर आणली.

मग जुलै २०१० मधे लायसन्सिंगची लायब्ररी, म्हणजे ॲपमधे घालायचा गूगलचा तयार कोड, आली. ही जरा डोकं लावून केलेली होती, ॲप फोनमधल्या मार्केटला विचारणार की बाबा या अकाउंटने मला विकत घेतलंय का, मार्केट सर्व्हरला विचारणार, उत्तर डिजिटल सही केलेलं येणार आणि ॲप आपल्याकडच्या पब्लिक कीने ती सही तपासणार. सहीत खोट काढणं अवघडच होतं, पण तशी गरज कुणाला होती? तपासणारा कोड गिऱ्हाइकाच्याच फोनमधे आहे ना. एपीके उलगडायची, 'लायसन्स नाही' आणि 'आहे' या दोन उत्तरांची अदलाबदल करायची आणि परत बांधायची. महिन्याभरात, ऑगस्टमधेच, हे कुणीतरी जाहीर करून दाखवलं. गूगलचं म्हणणं की लोक आमचा नमुन्याचा कोड जसाच्या तसा वापरतात, तो बदला, प्रोगार्ड (कोड वाचायला अवघड करणारं टूल) लावा. बरोबरच होतं ते, कारण आम्ही अगदी तेच केलं होतं, जसाच्या तसा!

आमचं ॲप होतं गोल्फचा स्कोअर ठेवायचं. लायब्ररीत दोन पॉलिसी यायच्या, एक उत्तर काही काळ साठवून ठेवणारी आणि दुसरी कडक, म्हणजे ॲप उघडताना दर वेळी सर्व्हरला विचारणारी. क्लायंट म्हणाला चोरी नको, मी म्हटलं मग कडक लावू. पुण्यात ऑफिसच्या वायफायवर मस्त चाललं. आता गोल्फचं मैदान कुठे असतं, तर गावाबाहेर, आणि रेंजची बोंब. पैसे भरलेला माणूस पहिल्या होलपाशी उभा राहून ॲप उघडतोय आणि ॲप त्याला सांगतंय की तुम्ही हे विकत घेतलेलं नाही. एक-एक स्टारचे रिव्ह्यू नुसते बदाबदा पडले. एकाने तर लिहिलं होतं की मी आता क्रॅक केलेलं उतरवून घेतलं, ते नेटशिवाय चालतं. शोधलं तर खरंच होतं, आणि आमच्यापेक्षा चांगलं चालत होतं. क्लायंटला हे कॉलवर सांगताना काय वाटलं ते नको विचारू.

आणि साव असल्याचा आव मी पण आणत नाही. आपल्याकडे २०१०च्या शेवटी पेड ॲप विकत घ्यायची सोय आली तरी क्रेडिट कार्ड किती जणांकडे होतं? माझ्याकडे नव्हतं. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे त्यातच ॲप्सपण यायची, आणि तो दुकानदार पोरगा काही स्वतःला चोर समजत नव्हता. कमीत कमी किंमत ५० रुपयांवरून १० रुपये व्हायला २०१५ उजाडलं. त्याच वर्षी जानेवारीत मॉन्युमेंट व्हॅली गेमवाल्यांनी सांगितलं होतं की त्यांच्या अँड्रॉइडवरच्या इन्स्टॉल्सपैकी फक्त ५ टक्के पैसे देऊन झालेली आहेत, आयफोनवर ४० टक्के. लायसन्सिंग येऊन तेव्हा साडेचार वर्षं झाली होती.

तर तुमच्या ॲपबद्दल. त्यात सर्व्हरवर चालणारं काही असेल, सिंक वगैरे, तर तपासणी तिथे ठेवा, तो भाग कुणी कॉपी करू शकत नाही. सगळंच फोनमधे असेल तर लायसन्स चेक लावा हवं तर, पण उत्तर साठवणारी पॉलिसी घ्या, आणि अपलोड करायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून ॲप दोन दिवस वापरून बघा. आम्ही तेवढंच केलं नव्हतं.