साठेखतातील सातवे कलम

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचकांनी जून २०२३ मध्ये अलिबाग येथील आठ खोल्यांचे, मागे वाडी असलेले घर दोन भावांकडून विकत घेण्याचे साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, केला आणि बारा लाख रुपये विसार (आगाऊ रक्कम) दिला. वडिलांच्या नावावरील या घरात बहिणीचाही हिस्सा असल्याने तिचे हक्कसोडपत्र आणून देण्याचे भावांनी मान्य केले होते. ते झालेले नाही, आणि तेच घर आता वाढीव किमतीला विक्रीस असल्याची जाहिरात दलालाने केली आहे. ठाण्यात राहून समुद्रकाठी घर घेऊ पाहणाऱ्यांची अशी पत्रे वारंवार येतात, आणि बहुतेकांना नोटीस कशी लिहावी एवढेच विचारायचे असते.

नोटिशीचा मुद्दा दुय्यम आहे. आपल्या साठेखताच्या सातव्या कलमात खरेदीखत ‘३१ डिसेंबर २०२३ रोजी किंवा त्यापूर्वी’ करण्याचे ठरले आहे. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ५४ नुसार, करारात तारीख ठरलेली असेल तर करारपूर्तीच्या, म्हणजे समोरच्याला करार पाळायला लावण्याच्या, दाव्याची तीन वर्षे त्या तारखेपासूनच मोजली जातात. समोरच्याने नकार दिल्याचे कधी कळले, हा प्रश्न तारीख ठरलेली नसेल तरच येतो. म्हणजे जाहिरात आपल्या नजरेस कधी पडली याला येथे महत्त्व नाही, आणि मुदत ३१ डिसेंबर २०२६ रोजी संपते. वकिलाची नोटीस पाठवल्याने ती एका दिवसानेही वाढत नाही. हक्कसोडपत्राचे कलम वेगळे आहे आणि माझ्या वाचनाप्रमाणे ते सातव्या कलमातील तारीख पुढे ढकलत नाही.

धाकट्या भावाच्या ‘दिवाळीनंतर बघू’ या व्हॉट्सॲप संदेशाला मुदतवाढ मानावे, असा युक्तिवाद करता येईल. मात्र एका भावाने दिलेली कबुली केवळ त्यामुळे दुसऱ्या भावावर बंधनकारक होत नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नये. दोन वर्षांहून अधिक काळ केवळ फोनवर विचारपूस करत राहिल्याने, मन वळवण्यासाठी जो निवांत वेळ हाताशी होता, तो आपणच घालवला.

साठेखत नोंदवण्याऐवजी नोटरीवर भागवले, हेही योग्य झाले नाही. नोंदणी नसली तरी करारपूर्तीच्या दाव्यात ते पुरावा म्हणून वाचता येते, पण मुद्रांक शुल्क कमी भरले असल्यास न्यायालय तो दस्त अडकवून ठेवू शकते. बहिणीने सही केलेली नसल्याने तिच्या हिश्श्याबाबत आदेश मिळेलच असे नाही. केवळ भावांच्या हिश्श्यापुरता आदेश मिळेल का, हे मूळ कागद पाहूनच सांगता येईल. उरलेली रक्कम देण्यास आपण सतत तयार आणि समर्थ होतात हे मात्र आपल्यालाच सिद्ध करावे लागेल, तेव्हा २०२३ पासूनचे बँकेचे उतारे आणि कर्जमंजुरीचे पत्र आजच एकत्र करावे.

दावा ठाण्यात नव्हे, घर जेथे आहे तेथील, म्हणजे अलिबागच्या दिवाणी न्यायालयात चालेल, आणि विसार परत मिळण्याची पर्यायी मागणी त्याच वादपत्रात केली पाहिजे, कारण न मागितलेला विसार न्यायालय देत नाही. महाराष्ट्रात दावा नुसता दाखल केल्याने नंतरचा खरेदीदार बांधला जात नाही. दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे (दस्त नोंदणी कार्यालयात) नोंदवावी लागते, आणि दलालाची जाहिरात सुरू असताना ते काम दावा दाखल होताच त्याच आठवड्यात उरकावे.