सियाचेनच्या चौकीवरील जवानाचा नेहमीचा दिवस कसा असतो?

सियाचेन हिमनदीवर भारतीय लष्कर १९८४ पासून तैनात आहे. मात्र तेथील जवानाचा दिवस चकमकींपेक्षा थंडीशी झगडण्यातच अधिक जातो. आळीपाळीने पहारा देणे, रात्रभर साचलेला बर्फ फावड्याने उपसून वाट व निवारा मोकळा करणे, शस्त्रांची देखभाल करणे आणि ठरलेल्या वेळी रेडिओवरून खुशाली कळवणे, हा क्रम सहसा चुकत नाही. पिण्याचे पाणीसुद्धा स्टोव्हवर बर्फ वितळवूनच मिळते आणि भांडेभर बर्फाचे पाणी होते जेमतेम तळाशी. उघड्या हाताने धातूला स्पर्श केल्यास हिमदंशाचा धोका असतो, म्हणून रायफल हाताळतानाही हातमोजे काढता येत नाहीत. उंचीमुळे भूक मरते आणि झोप तुटक लागते. तरीही जेवण (माझ्या मते हेच सर्वांत कठीण काम) नेमाने करावे लागते.